हंप, क्रॉस आणि गटाराचं झाकण

बेंगळुरूच्या जयनगरमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास एखाद्या क्रॉसच्या, म्हणजे मुख्य रस्त्याला छेदणाऱ्या गल्लीच्या, तोंडाशी पाच मिनिटं उभं राहा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फूटपाथ आहे, वर झाडांची दाट सावली आहे, हवाही मुंबई-पुण्याला हेवा वाटावा अशी आहे. तरी माणसं चालतात ती डांबरावरून. फिरायला निघालेले आजोबा, पिशवीतून कोथिंबीर डोकावणाऱ्या मावशी, शिकवणीहून परतणारी पोरं, सगळी. मागून हॉर्न वाजला की दोन पावलं कडेला सरायचं, गाडी गेली की पुन्हा मधे यायचं. नवा पाहुणा बघतो आणि निकाल देऊन टाकतो: लोकांना शिस्त नाही.

पण हीच माणसं लालबागेत शिरली की आखलेल्या वाटा सोडत नाहीत. बागेच्या फाटकातून आत-बाहेर करताना शिस्त बदलते असं तर होणार नाही. बदलते ती पायाखालची जमीन.

दुसरं कोडंही याच रस्त्यावर आहे. वस्ती निवांत, रस्ता जेमतेम दोनशे मीटरचा, मधे एक उंच हंप. (बेंगळुरूत गतिरोधकाला सगळे हंपच म्हणतात.) तरीही मोटारी आणि स्कूटर वस्तीत शोभणार नाही अशा वेगाने जातात. दोन्ही कोड्यांची उत्तरं रस्त्याच्या घडणीत आहेत. ती कळली की फूटपाथ आणि वेग हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

फूटपाथ नव्हे, झाकण

आधी फूटपाथखाली काय आहे ते बघू. बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत रस्त्याच्या कडेने पावसाच्या पाण्याचं गटार जातं. त्यावर करड्या ग्रॅनाइटच्या लांबोळ्या फरश्या आडव्या टाकलेल्या असतात. इथे त्यांना चप्पडी म्हणतात. आपण ज्याला फूटपाथ समजतो तो बऱ्याच ठिकाणी या गटाराचं झाकण असतो. गटार आधी आलं आणि चालणाऱ्याला त्याच्यावर जागा मिळाली.

पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं. झाकणाची उंची चालणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघून ठरत नाही, गटाराच्या भिंतीकडे बघून ठरते. म्हणून कुठे फूटपाथ वीतभर उंच, तर कुठे गुडघ्याला येईल इतका. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, फूटपाथची कड रस्त्यापासून जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर असावी असं सांगते. घरातल्या जिन्याच्या एका पायरीएवढी ही उंची आहे. यापेक्षा उंच कडेवर सत्तरीतला माणूस एकदा चढेल, दोनदा चढेल, तिसऱ्यांदा सरळ रस्त्यावरून चालेल.

झाकणाचं दुसरं लक्षण म्हणजे ते उघडावं लागतं. गाळ काढायला फरशी उचलली जाते आणि परत बसवताना एक टोक वर राहतं. पाणी मंडळ नळासाठी खणतं, वीज मंडळ केबलसाठी, इंटरनेटवाले तिसऱ्यांदा. प्रत्येक जण आपापलं काम झालं की निघून जातो. शिवाय झाडं. बेंगळुरूची सावली ही आपोआप उगवलेली नाही. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल यांच्यापासून 1980 च्या दशकात शहरभर लाखो रोपं लावणाऱ्या वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांच्यापर्यंत अनेकांनी ती लावली. झाडांना मुळं पसरायला जागा हवी असते. ती मिळाली नाही की मूळ फरशीला खालून खांदा देतं. या भांडणात फरशी हरते, आणि ते बरंच आहे.

दर नऊ मीटरला एक दरी

बेंगळुरूत घराचा प्लॉट सांगताना लोक क्षेत्रफळ सांगत नाहीत, मापं सांगतात: तीस-चाळीस किंवा चाळीस-साठ. म्हणजे 30 फूट रुंद आणि 40 फूट खोल, किंवा 40 बाय 60. आता तीस-चाळीसच्या रांगेसमोरून चालायचं आहे असं धरा. दर 30 फुटांवर, म्हणजे साधारण 9 मीटरवर एक घर, आणि प्रत्येक घराला मोटारीचं एक गेट.

मोटार गेटातून आत जायची तर उंच फूटपाथ आडवा येतो. मग घरमालक तेवढ्यापुरता फूटपाथ फोडतो आणि रस्त्यापासून गेटापर्यंत सिमेंटचा किंवा खडबडीत फरशीचा उतार करून घेतो. त्याच्या दृष्टीने हे एकच काम, तेही स्वतःच्या पैशांनी. चालणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फूटपाथ दर 9 मीटरला खाली जातो, तिरका होतो, पुन्हा वर येतो. दोनशे मीटरच्या क्रॉसवर असे बावीस चढउतार. रमतगमत चालणारा माणूस 9 मीटर सात-आठ सेकंदांत जातो, म्हणजे मिनिटाला सात-आठ वेळा हे नाटक. हातात बाबागाडी असेल तर विचारूच नका. डांबर मात्र सलग आणि सपाट आहे. मग मावशींनी कुठून चालावं?

उपाय साधा आहे आणि खर्चिकही नाही. फूटपाथ सपाटच राहू द्यायचा, चढायचं ते मोटारीने. फूटपाथच्या कडेला, रस्त्याच्या बाजूने झाडं, खांब आणि डबे यांच्यासाठी जो अर्धा-पाऊण मीटरचा पट्टा लागतो, त्या पट्ट्यातच मोटारीचा छोटा, चढा उतार बसवायचा. 15 सेंटिमीटर उंचीवर मोटार तेवढ्यात चढते. ती हळू चढते, हा वरचा फायदा. मधला चालायचा पट्टा मात्र एका पातळीत, निदान 1.8 मीटर रुंद आणि डोक्यावर 2.2 मीटरपर्यंत मोकळा हवा. निवासी भागासाठी रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेतलं हे किमान माप आहे. 1.8 मीटर का? तेवढ्यात दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात. किंवा दोन मैत्रिणी शेजारी-शेजारी चालू शकतात, आणि वस्तीत फिरायला जाण्याचं अर्धं कारण तेच असतं.

प्लेगच्या काळातले सरळ रस्ते

आता वेगाकडे वळू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या वर्षी पुण्यात भडकला. रँडची कारकीर्द आणि तिचा शेवट मराठी माणसाला सांगायला नको. तोच प्लेग 1898 मध्ये बेंगळुरूत शिरला. दाट, अंधाऱ्या गल्ल्यांत रोग माजतो या भीतीने मुंबईत त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. बेंगळुरूत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही त्याच पिढीतली भावंडं. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, वारा खेळावा अशी रुंदी, आणि घरांच्या मागून मैला वाहून नेणाऱ्यांसाठी वेगळ्या बोळी. एका दिशेचे रस्ते ते मेन, त्यांना छेदणारे ते क्रॉस. स्वातंत्र्यानंतर जयनगर आणि राजाजीनगर आखताना, पुढे इंदिरानगर आणि कोरमंगलातही, ही चौकट थोड्याफार फरकाने चालूच राहिली.

तेव्हा या रस्त्यांवर टांगे आणि सायकली होत्या. सरळ रस्त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. आज शहरात नोंदलेली वाहनं एक कोटीच्या पुढे आहेत, आणि सरळ, रुंद, लांबवर मोकळा दिसणारा रस्ता वाहनचालकाच्या डोळ्यांना एकच गोष्ट सांगतो: दाब. कडेला ताशी 30 चा फलक असला तरी पाय ऐकतो तो रस्त्याचं. चालक वेग ठरवतो तो मुख्यतः समोर किती लांब दिसतं, दोन्ही बाजूंना किती जागा आहे आणि पुढे काही आडवं येईल असं वाटतं का, यांवरून. हे तो विचार करून करत नाही. म्हणून फलक, जनजागृती सप्ताह आणि शाळेतल्या चित्रकला स्पर्धा यांनी वेग उतरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्याचा आकार बदलला की उतरतो.

तीस आणि पन्नास

पण ताशी तीसचाच आग्रह का? चाळीस किंवा पन्नास चालणार नाही का? गणित करून पाहू. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. समोर काही आलं हे दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यांत सावध चालकाचाही एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 8.3 मीटर पुढे गेली. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर आणखी 5 मीटर. एकूण 13 मीटरच्या आसपास गाडी थांबते.

ताशी 50 ला सेकंदाला 13.9 मीटर. म्हणजे पाय ब्रेकवर पडेपर्यंतच गाडी जवळपास 14 मीटर गेलेली असते. आता 14 मीटरवर उभ्या मोटारीच्या आडून एक मूल चेंडूमागे रस्त्यावर येतं. तीसची गाडी त्याच्या अलीकडे थांबली. पन्नासची गाडी त्याला धडकली ती पन्नासच्याच वेगाने, कारण तिचा ब्रेक अजून लागायचा आहे. ती पूर्ण थांबायला 28 मीटर घेते.

शिवाय धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. तीसचे पन्नास झाले तर वेग पावणेदोन पटीहून थोडा कमी वाढतो, आघाताची ऊर्जा मात्र पावणेतीन पट होते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की सरासरी वेग 1 टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो. दोनशे मीटरच्या क्रॉसवर तीसऐवजी पन्नासने जाऊन चालकाचे वाचतात ते साडेनऊ सेकंद. पुढच्या सिग्नलला तो ते खर्च करून टाकतो.

लुच्चा हंप आणि प्रामाणिक हंप

एखादा अपघात होतो, रहिवासी अर्ज करतात, नगरसेवक किंवा आमदाराचा फोन जातो आणि एके रात्री रस्त्यावर डांबराची एक वळकटी पडते. वीतभर उंच, हातभर रुंद. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समाधान. महिन्याभरात हळू जाणाऱ्यांची कंबर दुखते आणि वेगात जाणारे तसेच जातात. हे कसं?

आखूड हंपावरून गाडी हळू गेली तर चाक पूर्ण वर चढतं, गाडीही वर उचलली जाते आणि धपकन खाली येते. हीच गाडी ताशी चाळीसने गेली तर हंप सेकंदाच्या जेमतेम तिसाव्या भागात संपतो. टायर आणि स्प्रिंग तो धक्का पिऊन टाकतात, गाडीच्या सांगाड्याला वर जायला वेळच मिळत नाही. म्हणजे आखूड हंप एका वेगानंतर वेगवान माणसालाच सवलत देतो. दुचाकीस्वार, गरोदर बाई आणि रिक्षातला रुग्ण मात्र पूर्ण भोगतात.

हा गुंता ब्रिटनमध्ये रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वॉट्स यांनी 1973 च्या अहवालात सोडवला. त्यांनी हंप लांब केला: उंची 10 सेंटिमीटरच, पण रुंदी 3.7 मीटर. छोट्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे अख्खी गाडी या टेकाडावर मावते. ताशी 25 ला ते ओलांडायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात गाडी अलगद वर जाऊन खाली येते. वेग वाढवला की उचल जोराची होते आणि माणूस सीटवरून सुटतो. आता त्रास वेगाबरोबर वाढतो, म्हणजे शिक्षा योग्य माणसाला होते. आपल्या रोड्स काँग्रेसने 1988 मध्ये हेच माप स्वीकारलं: 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा 3.7 मीटर रुंदीचा तुकडा, मधे 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरसाठी. म्हणजे योग्य हंप कसा असावा हे आपल्याला गेली पस्तीस-चाळीस वर्षं माहीत आहे. डांबर टाकणाऱ्या मुकादमाच्या हातात फक्त तो साचा नसतो.

एक गंमत सांगतो. 1927 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे आर्थर कॉम्प्टन यांनी 1953 मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या मोटारींना वैतागून स्वतः हंपाचा आराखडा केला होता. हंपात भौतिकशास्त्र आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

मात्र चांगल्या हंपालाही एक पळवाट असते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तो गटारापर्यंत नेत नाहीत, कडेला हातभर जागा सोडतात. स्कूटरवाले नेमके त्या फटीतून, म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या कोपराला चाटून जातात. म्हणून जिथे माणसं रस्ता ओलांडतात तिथे हंपाऐवजी उंच सपाट पट्टा करणं जास्त शहाणपणाचं. फूटपाथच्याच पातळीवर रस्ता दोन्ही काठांना जोडायचा, खालून पाण्याला पाइप द्यायचा. माणूस एका पातळीत पलीकडे जातो, वाहनं चढून उतरतात आणि कडेला फट उरत नाही.

पाटाला बांध घातला की

समजा एका क्रॉसवर असा उत्तम पट्टा झाला. पुढे काय होतं? शेतात एका सरीच्या तोंडाशी माती ओढली की पाणी थांबत नाही, शेजारच्या सरीत शिरतं. चौकटीच्या वस्तीत वाहतुकीचं तसंच आहे. आठवा क्रॉस अवघड झाला की गाड्या नवव्यातून जातात, तिथले लोक हंपासाठी अर्ज करतात, मग दहावा. मोबाइलवरचा नकाशा तर हे काम सेकंदात करतो: मुख्य रस्ता तुंबला की तो परगावच्या चालकालाही तुमच्या खिडकीखालून नेतो.

म्हणून एकेका रस्त्याचा विचार न करता पाच-सहा मेन-क्रॉसचा एक गट धरावा लागतो. बार्सिलोना शहराने 2016 पासून पोब्लेनोऊ भागात हे केलं. तिथेही बेंगळुरूसारखीच काटकोनी चौकट आहे. त्यांनी रस्त्यांमधल्या तीन बाय तीन चौकोनांचा एक गट केला. आतल्या रस्त्यांवर एकदिशा अशा फिरवल्या की गाडी आत येते, घरापाशी जाते आणि वळसा घालून आली त्याच बाजूने बाहेर पडते. आरपार जाता येत नाही. राहणाऱ्याची गाडी, दूधवाला, कचऱ्याचा ऑटो टिप्पर, रुग्णवाहिका, कुणालाही बंदी नाही. बंदी आहे ती वस्तीला बोगदा समजणाऱ्याला. यासाठी हंपही फारसे लागत नाहीत, चारदोन कोपऱ्यांवर झाडांच्या कुंड्या आणि मधून सायकल जाईल एवढी वाट पुरते.

बेंगळुरूत एकदिशा रस्ते काही नवे नाहीत. मल्लेश्वरममध्ये संपिगे रोड आणि मार्गोसा रोड ही एकदिशा जोडी आहेच. पण तिथे हेतू उलटा आहे, वाहनं आरपार लवकर जावीत म्हणून. एकदिशा रस्त्यावर समोरून कुणी येणार नाही ही खात्री असते, त्यामुळे वेग वाढतो आणि ओलांडणाऱ्याला एका सलग लोंढ्याला तोंड द्यावं लागतं. अवजार तेच, पण कुठल्या दिशेला धार लावायची तो प्रश्न.

कोपऱ्याचंही असंच. वळणाची त्रिज्या चौपट केली की त्याच आरामात दुप्पट वेगाने वळता येतं. क्रॉसच्या तोंडाशी कोपरा ऐसपैस गोल केला तर मेनवरून येणारी गाडी वेग न सोडता आत घुसते. कोपरा आखूड केला आणि फूटपाथ तिथे थोडा पुढे काढला तर तीन गोष्टी साधतात: गाडीला हळू वळावं लागतं, ओलांडायचं अंतर 8 मीटरवरून 5 वर येतं आणि कोपऱ्यावर मोटार उभी करता येत नसल्याने दोघांना एकमेकं दिसतात. अग्निशमनाच्या गाडीचं काय, असा प्रश्न हटकून येतो. वाढवलेला कोपरा बसका ठेवायचा, मोठं चाक त्यावरून जाऊ शकतं. खरं तर अग्निशमनाची गाडी अडते ती कोपऱ्यावर लावलेल्या मोटारीपाशी.

> चौकट: टेप घेऊन बाहेर पडा
>
> फूटपाथची कड: 15 सेंटिमीटरपेक्षा उंच आहे का?
>
> मोकळा पट्टा: खांब, डीपी, झाडाचा बुंधा आणि केबलची भेंडोळी वजा करून सलग 1.8 मीटर उरतो का?
>
> हंप: उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर आहे का, पांढरे-काळे पट्टे दिसतात का?
>
> गेटाचा उतार: तो फूटपाथ तोडतो, की कडेच्या पट्ट्यातच संपतो?
>
> रस्त्याची रुंदी, एका कुंपणभिंतीपासून समोरच्या कुंपणभिंतीपर्यंत: 30 फूट की 40? पुढचा हिशेब याच आकड्यावर आहे.

चाळीस फुटांचा हिशेब

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं खरं, पण जागा कुठे आहे? मांडून पाहू. 40 फुटी रस्ता म्हणजे 12.2 मीटर. दोन्ही बाजूंना 1.8 मीटरचा चालायचा पट्टा: 3.6 मीटर गेले. झाडं, खांब आणि गेटाच्या उतारासाठी दोन्हीकडे 60-60 सेंटिमीटर: 1.2 गेले. उरले 7.4. एका बाजूला मोटारी लावायला 2 मीटर दिले तरी 5.4 मीटर उरतात. समोरासमोर दोन गाड्या हळू जायला ते भरपूर आहेत. म्हणजे जागा आहे. नाही ती दोन्ही बाजूंना मोटारी लावायला.

खरं भांडण इथे आहे. एका बाजूची जागा जाणार म्हटलं की बैठकीतला सूर बदलतो. हंप सर्वांना हवा असतो, कारण तो दुसऱ्याच्या गाडीला अडवतो. फूटपाथ माझ्या गाडीची जागा खातो. गाड्या रस्त्यावर का आल्या यालाही कारण आहे. खाली गाड्या आणि वर घरं असं मंजूर झालेल्या कित्येक इमारतींत तळमजल्यावर आता दुकान, क्लिनिक किंवा कॅफे आहे. इंदिरानगरचा ट्वेल्फ्थ मेन एके काळी घरांचा रस्ता होता, आज तो खाण्यापिण्याचा आहे, आणि येणाऱ्यांच्या गाड्या आजूबाजूच्या क्रॉसमध्ये मुरतात. 2021 मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या पार्किंग धोरणात वस्तीतल्या रस्त्यावर गाडी ठेवायला वार्षिक शुल्क घेऊन परवाना द्यायची तरतूद आहे. आपल्या दाराबाहेरची जागा फुकट आणि आपलीच, या समजुतीवर तो पहिला ओरखडा ठरला असता. पण धोरण बहुतांशी कागदावर राहिलं.

30 फुटी रस्त्याचं गणित वेगळं. 9.1 मीटरमधून दोन्ही बाजूंचा फूटपाथ आणि झाडांचा पट्टा काढला तर 4.3 मीटर उरतात. मोटारी लावल्या तर जायला वाट नाही. तिथे फूटपाथचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, हे वाचून पादचाऱ्यांच्या चळवळीतले काही मित्र नाराज होतील. अशा गल्लीत डच लोकांनी उलटा विचार केला. डेल्फ्ट गावात 1960 च्या दशकाच्या अखेरीस फूटपाथ आणि रस्ता हा भेदच काढून टाकला: एकच पातळी, मधे झाड, बाक, वळणं. मुलं खेळतात, माणसं मधून चालतात आणि गाडी पायी चालणाऱ्याच्या गतीने जाते. 1976 मध्ये नेदरलँड्सने त्याला कायद्यात जागा दिली. बेंगळुरूच्या 30 फुटी क्रॉसमध्ये माणसं आधीच मधून चालतात, मुलं संध्याकाळी क्रिकेट खेळतात. फक्त गाडीने कुणाच्या गतीने जायचं ते ठरायचं बाकी आहे.

आधी पाइप, मग फरशी

चांगला फूटपाथ बेंगळुरूने केलाच नाही असं नाही. टेंडरशुअर या योजनेत गेल्या दशकात सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांवर रुंद, सपाट पदपथ झाले. बाहेरून डोळ्यात भरते ती फरशी, पण खरी करामत खाली आहे. वीज, पाणी, सांडपाणी, केबल यांना आधीच ठरलेल्या जागी नळ्या आणि ठराविक अंतरावर तपासणीची तोंडं. उद्या नवी केबल आली तर ओढून घ्यायची, खणायचं नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर ज्यांनी नवा पदपथ पाहिला आहे त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. पण दोन्ही शहरांत ही श्रीमंती मोठ्या, मिरवायच्या रस्त्यांवर थांबली. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, तरी कोथरूडच्या आतल्या गल्लीत आजी अजून डांबरावरूनच देवळात जाते.

वस्तीतल्या गल्लीला एवढा खर्च लागत नाही. क्रम तेवढा पाळावा लागतो: आधी गटाराची पातळी, मग पाइप, मग फरशी, सर्वांत शेवटी डांबर. आणि नवं डांबर टाकण्यापूर्वी जुनं खरवडून काढायचं. नाहीतर दर थराने रस्ता वर येतो, गटाराची तोंडं बुजतात आणि पावसाचं पाणी गेटातून घरात येतं. बेंगळुरूच्या जुन्या घरांच्या दारात दोन विटांचा बांध दिसतो तो त्यासाठीच.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो अपंग व्यक्तींना वापरता आला पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेंगळुरूची एकच महापालिका जाऊन ग्रेटर बेंगळुरू अथॉरिटीखाली पाच महापालिका आल्या. आदेश पाळायला आता पाच कचेऱ्या आहेत आणि पहिला पेच सगळीकडे एकच असणार आहे. मुख्य रस्ता तुंबला की दुचाक्या फूटपाथवर चढतात, म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवायची पद्धत आहे. व्हीलचेअर आत जायला दोन खांबांत निदान 90 सेंटिमीटर अंतर लागतं. स्कूटर हँडलपाशी 70 सेंटिमीटर रुंद असते. अंतर कमी केलं तर व्हीलचेअर बाहेर राहते, ठेवलं तर स्कूटर आत येते. आकार बदलून वेग उतरवता येतो, कोपरे आवळता येतात, पण या 20 सेंटिमीटरवर कुठल्याही अभियंत्याकडे तोडगा नाही. तिथे पावतीपुस्तक घेतलेला पोलीसच उभा करावा लागतो.